फाइल पाथ हाताळणी (पायथॉन)

संगणकावरील एखादी फाइल किंवा फोल्डर नेमके कोठे आहे, हे सांगणाऱ्या पत्त्याला फाइल पाथ किंवा नुसते पाथ म्हणतात. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत पाथ तयार करणे, त्याचे भाग वेगळे करणे, दोन पाथ जोडणे आणि त्यांची तुलना करणे यासाठी मुख्यतः दोन मॉड्यूल वापरली जातात: जुने 'ओएस.पाथ' आणि २०१४ साली पायथॉन ३.४ या आवृत्तीपासून प्रमाण ग्रंथालयात आलेले 'पाथलिब'. पहिले मॉड्यूल पाथला साधी स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची मालिका मानते, तर दुसरे त्याला स्वतःचे नियम असलेली स्वतंत्र वस्तू मानते.

हा भेद महत्त्वाचा ठरतो, कारण विंडोज, लिनक्स आणि मॅकओएस या संचालन प्रणालींचे पाथविषयीचे नियम एकसारखे नाहीत. एका प्रणालीवर बिनचूक चालणारा प्रोग्राम दुसऱ्या प्रणालीवर बंद पडू शकतो. कधी तो बंद न पडता भलत्याच ठिकाणी किंवा भलत्याच नावाने माहिती लिहून ठेवतो, आणि ही चूक बराच काळ लक्षात येत नाही.

या लेखातील उदाहरणे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. फाइल व फोल्डर यांची नावे प्रत्यक्षातही देवनागरीत ठेवता येतात. मात्र मॉड्यूल, वर्ग आणि पद्धती यांची नावे प्रोग्राममध्ये रोमन लिपीतच लिहावी लागतात.

पार्श्वभूमी

एकात एक फोल्डर असलेली झाडासारखी रचना १९६० च्या दशकात मल्टिक्स या संचालन प्रणालीत आली. तिच्यात पाथचे भाग वेगळे करण्यासाठी > हे चिन्ह वापरले जात असे. मल्टिक्सच्या अनुभवातून पुढे आलेल्या युनिक्सने त्यासाठी स्लॅश (/) निवडला. लिनक्समध्ये आणि आजच्या मॅकओएसमध्ये तीच परंपरा चालू आहे. ॲपलच्या जुन्या मॅक ओएसमध्ये मात्र विसर्गासारखे दिसणारे कोलन (:) हे विभाजक होते.

विंडोजमधील बॅकस्लॅश (\) एमएस-डॉसमधून आला. १९८१ सालच्या एमएस-डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डरच नव्हते, आणि स्लॅश हे चिन्ह आज्ञांना पर्याय देण्यासाठी वापरात होते. १९८३ साली दुसऱ्या आवृत्तीत फोल्डरची सोय झाली, तेव्हा स्लॅशला आधीच दुसरे काम दिलेले असल्याने विभाजक म्हणून बॅकस्लॅश घेण्यात आला. ड्राइव्हला अक्षर देण्याची पद्धत त्याआधीच्या सीपी/एम या प्रणालीत रूढ होती; तीही एमएस-डॉसमार्फत विंडोजमध्ये उतरली.

संचालन प्रणालींमधील भेद

विभाजक चिन्ह

विंडोजवरील बहुतेक प्रणाली-सेवा बॅकस्लॅशबरोबर स्लॅशही विभाजक म्हणून स्वीकारतात. उलट लिनक्स व मॅकओएसवर बॅकस्लॅश हे विभाजक नसून फाइलच्या नावात चालणारे एक सामान्य अक्षर आहे. त्यामुळे विंडोजवर लिहिलेल्या प्रोग्रामात 'माहिती\यादी.सीएसव्ही' असा पाथ असेल, तर तेथे 'माहिती' या फोल्डरातील 'यादी.सीएसव्ही' ही फाइल उघडते. तोच प्रोग्राम लिनक्सवर चालवून फाइल लिहिल्यास 'माहिती' फोल्डरात काहीच जात नाही. चालू फोल्डरात 'माहिती\यादी.सीएसव्ही' अशा सलग नावाची एक नवी फाइल तयार होते. प्रणालीच्या दृष्टीने यात कोणतीही चूक घडलेली नसते, म्हणून त्रुटीचा संदेशही येत नाही.

मूळ आणि ड्राइव्ह

लिनक्स व मॅकओएसवर सर्व फाइलींचे मूळ एकच असते आणि ते / या चिन्हाने दाखवले जाते. स्लॅशने सुरू होणारा पाथ निरपेक्ष, म्हणजे मुळापासून पूर्ण सांगितलेला असतो. बाकीचे पाथ सापेक्ष, म्हणजे प्रोग्रामच्या चालू फोल्डरापासून मोजले जाणारे असतात.

विंडोजवर चार प्रकार संभवतात:

- 'सी:\अहवाल' हा निरपेक्ष पाथ आहे.
- 'सी:अहवाल' हा 'सी' ड्राइव्हवरील चालू फोल्डराच्या सापेक्ष आहे.
- '\अहवाल' हा चालू ड्राइव्हच्या मुळापासून आहे. ड्राइव्ह दिलेला नसल्याने तो पूर्ण निरपेक्ष मानला जात नाही.
- '\\सर्व्हर\विभाग\अहवाल' हा नेटवर्कवरील दुसऱ्या संगणकाचा पाथ आहे.

मोठी व लहान अक्षरे

देवनागरीत मोठी व लहान अक्षरे असा भेद नाही, रोमन लिपीत तो आहे. लिनक्सवर सामान्यतः मोठ्या अक्षरांतील नाव आणि लहान अक्षरांतील तेच नाव या दोन वेगळ्या फाइली असतात. विंडोजवर, तसेच मॅकओएसच्या मूळ मांडणीत, नाव जसे दिले तसे जपले जाते. पण शोधताना हा भेद धरला जात नाही. लिनक्सच्या कर्नलच्या स्रोतसंहितेत नेटफिल्टर विभागात केवळ मोठ्या-लहान अक्षरांमुळे वेगळ्या ठरणाऱ्या फाइलींच्या जोड्या आहेत. ही संहिता विंडोजवर किंवा मॅकओएसवर नेहमीच्या पद्धतीने उतरवून घेतली, तर प्रत्येक जोडीतील एकच फाइल शिल्लक राहते.

निषिद्ध नावे

लिनक्सवर फाइलच्या नावात स्लॅश आणि शून्य बाइट सोडून काहीही चालते. विंडोजवर < > : " / \ | ? * ही चिन्हे नावात चालत नाहीत. एमएस-डॉसच्या काळात उपकरणांसाठी राखून ठेवलेली 'कॉन', 'पीआरएन', 'ऑक्स', 'नल' यांसारखी रोमन नावेही तेथे फाइलला देता येत नाहीत. नावाच्या शेवटी येणारे टिंब किंवा मोकळी जागा विंडोज सहसा गाळून टाकते.

कोलनचा प्रकार विशेष फसवा आहे. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल प्रणालीत कोलननंतरचा मजकूर फाइलच्या आतील एका स्वतंत्र प्रवाहाचे नाव समजला जातो. एखाद्या प्रोग्रामने वेळ घालून 'सभा १०:३०.टीएक्सटी' या नावाने फाइल लिहिली, तर विंडोजवर 'सभा १०' नावाची रिकामी दिसणारी फाइल तयार होते आणि लिहिलेला मजकूर तिच्या न दिसणाऱ्या प्रवाहात जातो. लिनक्सवर हेच नाव निर्धोक असते.

लांबीची मर्यादा

विंडोजवर संपूर्ण पाथची पारंपरिक मर्यादा २६० अक्षरे आहे. २०१६ साली विंडोज १० च्या १६०७ या आवृत्तीपासून ठरावीक मांडणी केल्यास ती ओलांडता येते. लिनक्सवर संपूर्ण पाथ ४,०९६ बाइटपर्यंत आणि एक्स्ट४ सारख्या फाइल प्रणालीत एक नाव २५५ बाइटपर्यंत असू शकते. एनटीएफएसमध्येही एका नावाची मर्यादा २५५ आहे, पण ती बाइटमध्ये नसून यूटीएफ-१६ च्या एककांत मोजली जाते. देवनागरी नावांच्या बाबतीत या फरकाचा मोठा परिणाम होतो. तो पुढे दिला आहे.

पायथॉनमधील विकास

ओएस.पाथ

'ओएस.पाथ' हे एकच मॉड्यूल दिसत असले तरी त्यामागे दोन वेगळी मॉड्यूल आहेत: विंडोजसाठी 'एनटीपाथ' आणि युनिक्स कुळातील प्रणालींसाठी 'पॉसिक्सपाथ'. प्रोग्राम ज्या प्रणालीवर चालत असेल, तिचे मॉड्यूल आपोआप निवडले जाते. पाथचे भाग जोडणारे 'जॉइन', फोल्डर व नाव वेगळे करणारे 'स्प्लिट', विस्तार वेगळा करणारे 'स्प्लिटएक्स्ट' ही त्यातील नेहमीची फंक्शने होत.

या मॉड्यूलची अडचण अशी की त्याची फंक्शने स्ट्रिंग घेतात आणि स्ट्रिंगच परत देतात. स्ट्रिंगला आपण पाथ आहोत की सामान्य वाक्य, हे ठाऊक नसते. त्यामुळे 'जॉइन' न वापरता अधिकचे चिन्ह (+) वापरून दोन स्ट्रिंग चिकटवल्या, विभाजक विसरला किंवा दोनदा पडला, तरी भाषा त्याला हरकत घेत नाही.

पाथ-वस्तूचे प्रस्ताव

पाथसाठी स्वतंत्र वर्ग असावा, अशी मागणी पायथॉनच्या समुदायात जुनी होती. २००६ साली मांडलेला पीईपी ३५५ हा प्रस्ताव नामंजूर झाला. त्यातील वर्ग स्ट्रिंगचाच वारसदार होता आणि पाथशी संबंधित बहुतेक सर्व कामे त्या एकाच वर्गात कोंबली होती, हे त्यावरचे प्रमुख आक्षेप होते.

आंत्वान पित्रू यांनी २०१२ साली मांडलेल्या पीईपी ४२८ या प्रस्तावात दोन्ही आक्षेपांना उत्तर होते. त्यातील पाथ-वस्तू स्ट्रिंगची वारसदार नव्हती; शिवाय पाथवरील केवळ शाब्दिक क्रिया आणि प्रत्यक्ष डिस्कला हात लावणाऱ्या क्रिया वेगवेगळ्या वर्गांत ठेवल्या होत्या. हा प्रस्ताव मंजूर होऊन मार्च २०१४ मधील पायथॉन ३.४ मध्ये 'पाथलिब' समाविष्ट झाले.

पाथ-वस्तू स्ट्रिंग नसल्यामुळे सुरुवातीला एक गैरसोय झाली. फाइल उघडणाऱ्या 'ओपन' या अंगभूत फंक्शनला आणि इतर अनेक फंक्शनांना पाथ-वस्तू चालत नसे. प्रत्येक ठिकाणी तिचे स्ट्रिंगमध्ये रूपांतर करावे लागे. पीईपी ५१९ या प्रस्तावाने ही उणीव दूर केली. डिसेंबर २०१६ मधील पायथॉन ३.६ पासून 'ओपन' तसेच 'ओएस' व 'ओएस.पाथ' या मॉड्यूलमधील फंक्शने पाथ-वस्तू थेट स्वीकारतात.

पाथलिबची रचना

शुद्ध व प्रत्यक्ष पाथ

पाथलिबमधील वर्गांचे दोन गट आहेत. 'प्युअरपाथ' आणि त्यापासून निघालेले 'प्युअरपॉसिक्सपाथ' व 'प्युअरविंडोजपाथ' हे शुद्ध वर्ग फक्त पाथच्या शब्दरूपावर काम करतात. फाइल खरोखर अस्तित्वात आहे की नाही, हे ते पाहत नाहीत. 'पाथ', 'पॉसिक्सपाथ' आणि 'विंडोजपाथ' हे प्रत्यक्ष वर्ग फाइल उघडणे, वाचणे, फोल्डर तयार करणे, यादी काढणे अशी कामेही करतात.

या विभागणीमुळे लिनक्सवर चालणारा प्रोग्राम विंडोजवरून आलेला पाथ 'प्युअरविंडोजपाथ' वापरून विंडोजच्याच नियमांनी वाचू शकतो. मात्र लिनक्सवर प्रत्यक्ष 'विंडोजपाथ' तयार करू गेल्यास त्रुटी येते, कारण तेथे विंडोजची फाइल प्रणाली उपलब्ध नसते. सामान्य प्रोग्रामात नुसते 'पाथ' लिहिले जाते, आणि योग्य उपवर्ग आपोआप निवडला जातो.

जोडणी

पाथलिबमध्ये पाथ जोडण्यासाठी भागाकाराचे चिन्ह वापरले जाते. पाथ('अहवाल') / '२०२४' / 'यादी.सीएसव्ही' असे लिहिल्यास लिनक्सवर 'अहवाल/२०२४/यादी.सीएसव्ही' आणि विंडोजवर 'अहवाल\२०२४\यादी.सीएसव्ही' असा पाथ तयार होतो. येथील स्लॅश हा पाथचा भाग नसून भाषेतील क्रियाचिन्ह आहे. कोणता विभाजक घालायचा ते पाथ-वस्तू ठरवते. पाथ स्लॅशसह एकाच स्ट्रिंगमध्ये लिहिला तरी विंडोजवर तो योग्य रीतीने वाचला जातो. म्हणून दोन्हीकडे चालणाऱ्या प्रोग्रामात बॅकस्लॅश लिहिण्याची सहसा गरज पडत नाही.

जोडताना उजवीकडचा भाग निरपेक्ष असेल, तर डावीकडचा भाग सोडून दिला जातो. पाथ('/साठा') / '/खाजगी' याचे उत्तर '/साठा/खाजगी' असे नसून '/खाजगी' असे येते. 'ओएस.पाथ' मधील 'जॉइन' चेही वर्तन असेच आहे.

पाथचे घटक

'/साठा/अहवाल/जुने.टार.जीझेड' या पाथपासून पुढील घटक मिळतात:

- 'नेम': शेवटचा भाग, म्हणजे 'जुने.टार.जीझेड'.
- 'स्टेम': शेवटचा विस्तार वगळून उरलेले नाव, म्हणजे 'जुने.टार'.
- 'सफिक्स': फक्त शेवटचा विस्तार, म्हणजे '.जीझेड'. सर्व विस्तार हवे असल्यास 'सफिक्सेस' वापरतात.
- 'पॅरेंट': फाइल ज्यात आहे ते फोल्डर, म्हणजे '/साठा/अहवाल'.
- 'पार्ट्स': मुळापासूनचे सर्व भाग क्रमाने.

विस्तार बदलण्यासाठी 'विथ_सफिक्स', एका पाथचे दुसऱ्याच्या सापेक्ष रूप मिळवण्यासाठी 'रिलेटिव्ह_टू' आणि विंडोजवरील पाथ स्लॅशच्या रूपात मिळवण्यासाठी 'ॲज_पॉसिक्स' या पद्धती आहेत. शेवटची पद्धत पाथ फाइलमध्ये नोंदवून दुसऱ्या प्रणालीवर पाठवताना उपयोगी पडते. झिप संग्रहाच्या प्रमाणानुसारही आतील नावांत स्लॅशच असावा लागतो.

तुलना

'प्युअरविंडोजपाथ' मध्ये रोमन मोठ्या व लहान अक्षरांचा भेद तुलनेत धरला जात नाही; 'प्युअरपॉसिक्सपाथ' मध्ये तो धरला जातो. ही तुलना शाब्दिक असते. मॅकओएसवर पॉसिक्सचे नियम लागू होत असल्याने, डिस्कवर एकच फाइल दर्शवणारे दोन पाथ पाथलिबच्या दृष्टीने वेगळे ठरू शकतात. दोन पाथ प्रत्यक्षात एकाच फाइलकडे नेतात का, हे 'सेमफाइल' ही पद्धत डिस्कवर पाहून सांगते.

दोन टिंबांचा प्रश्न

पाथमधील दोन टिंबे (..) वरच्या फोल्डराकडे नेतात. 'ओएस.पाथ' मधील 'नॉर्मपाथ' हे फंक्शन 'अ/ब/..' याचे रूप 'अ' असे करते. 'ब' ही दुसरीकडे नेणारी प्रतीकात्मक जोडणी असेल, तर हे रूपांतर चुकीचे ठरते, कारण त्या जोडणीच्या पलीकडील फोल्डराचा वरचा फोल्डर 'अ' असेलच असे नाही. म्हणून पाथलिब दोन टिंबे स्वतःहून काढत नाही. 'रिझॉल्व्ह' ही पद्धत डिस्कवरील जोडण्या तपासून खरा निरपेक्ष पाथ देते.

स्ट्रिंगमधील बॅकस्लॅश

विंडोजचे पाथ पायथॉनमध्ये लिहिताना आणखी एक अडचण येते. पायथॉनच्या स्ट्रिंगमध्ये बॅकस्लॅशला स्वतःचा विशेष अर्थ आहे: त्यानंतर रोमन लहान 'एन' आल्यास नवी ओळ, तर लहान 'टी' आल्यास टॅब असा अर्थ घेतला जातो. पाथमधील एखाद्या फोल्डराचे रोमन नाव या अक्षरांनी सुरू होत असेल, तर पाथच्या मधोमध नवी ओळ किंवा टॅब शिरतो आणि फाइल सापडत नाही. विंडोजवर वापरकर्त्यांची खाती ज्या फोल्डरात असतात, त्याचे नाव मोठ्या 'यू' ने सुरू होते. बॅकस्लॅश व मोठा 'यू' यांच्यापुढे पायथॉनला आठ षोडशमान अंक हवे असतात. ते न मिळाल्याने प्रोग्राम सुरूच होत नाही. बॅकस्लॅशनंतर देवनागरी अक्षर आले, तर मात्र बॅकस्लॅश जसाच्या तसा राहतो. त्यामुळे मराठी नावांनी तपासलेला प्रोग्राम रोमन नावे आल्यावर अडखळू शकतो.

यावर तीन उपाय रूढ आहेत: बॅकस्लॅश दोनदा लिहिणे, स्ट्रिंगच्या आधी 'आर' अक्षर लावून ती कच्ची स्ट्रिंग करणे, किंवा स्लॅश वापरणे. कच्च्या स्ट्रिंगचा शेवट एकट्या बॅकस्लॅशने करता येत नाही, ही तिची मर्यादा आहे.

देवनागरी नावे आणि युनिकोड

संकेतन

विंडोज फाइलींची नावे यूटीएफ-१६ मध्ये ठेवते. लिनक्सच्या दृष्टीने नाव ही केवळ बाइटची मालिका असते, आणि ती सहसा यूटीएफ-८ मध्ये असते. मराठी व हिंदी या भाषांसाठी विंडोजमध्ये एएनएसआय प्रकारचे आठ बिटचे कोडपेज नव्हते, त्यामुळे युनिकोड न जाणणाऱ्या प्रोग्रामांना देवनागरी नावाच्या फाइली हाताळता येत नसत. पायथॉन २ मध्ये विंडोजवर साध्या बाइट-स्ट्रिंगने फोल्डरची यादी मागितल्यास देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येत, आणि त्या नावाने फाइल पुन्हा उघडता येत नसे.

पायथॉन ३ मध्ये स्ट्रिंग मुळातच युनिकोड असते. २००९ सालच्या पायथॉन ३.१ मध्ये पीईपी ३८३ नुसार, लिनक्सवरील ज्या नावांतील बाइट यूटीएफ-८ मध्ये वाचता येत नाहीत, त्यांनाही तात्पुरती राखीव चिन्हे देऊन ती नावे न गमावता परत लिहिण्याची सोय झाली. पायथॉन ३.६ पासून विंडोजवर बाइट-रूपातील पाथही पीईपी ५२९ नुसार यूटीएफ-८ मानले जातात.

नावाची लांबी

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक युनिकोड चिन्ह तीन बाइट घेते. काना, मात्रा, हलन्त यांचीही स्वतंत्र चिन्हे असतात. 'महाराष्ट्र' हा शब्द वाचताना चार अक्षरांचा आहे, पण युनिकोडमध्ये त्याची दहा चिन्हे आणि यूटीएफ-८ मध्ये तीस बाइट होतात. त्यामुळे एक्स्ट४ वरील २५५ बाइटच्या मर्यादेत देवनागरीची जास्तीत जास्त ८५ चिन्हे बसतात. विंडोजवर एनटीएफएसच्या मर्यादेत अशी २५५ चिन्हे बसतात. परिणामी शासकीय पत्राच्या विषयासारखे लांबलचक मराठी नाव दिलेली फाइल विंडोजवर सुखाने राहते, पण लिनक्सच्या सर्व्हरवर नकल करताना नाव फार लांब असल्याची त्रुटी येते. नावाची लांबी तपासणाऱ्या प्रोग्रामने स्ट्रिंगमधील चिन्हे न मोजता यूटीएफ-८ मधील बाइट मोजले, तरच हा दोष आधी कळतो.

एकाच नावाची अनेक रूपे

युनिकोडमध्ये काही अक्षरे एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतात. मराठीत याचे ठळक उदाहरण म्हणजे 'दुसऱ्या', 'तऱ्हा' अशा शब्दांतील 'ऱ'. हे अक्षर एका सलग चिन्हाने लिहिता येते, किंवा 'र' आणि त्यापुढे नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते. युनिकोडच्या नियमांनुसार ही दोन्ही रूपे समतुल्य आहेत. त्यांतील जोडलेल्या रूपाला एनएफसी आणि विलग रूपाला एनएफडी म्हणतात.

मॅकओएसची जुनी एचएफएस प्लस ही फाइल प्रणाली नावे विलग रूपात साठवत असे. 'दुसऱ्या तिमाहीचा अहवाल' या नावाने ठेवलेली फाइल यादीत परत येताना नावातील 'ऱ' दोन चिन्हांचा झालेला असे. पडद्यावर दोन्ही नावे सारखीच दिसत, पण पायथॉनमध्ये त्यांची तुलना असत्य ठरे. २०१७ साली आलेली एपीएफएस ही फाइल प्रणाली नाव दिले तसे जपते. लिनक्सवरील नेहमीच्या मांडणीत आणि एनटीएफएसवर अशी दोन रूपे या दोन वेगळ्या फाइली असू शकतात.

पाथलिब असे रूपांतर स्वतः करत नाही. नावांची तुलना करण्यापूर्वी 'युनिकोडडेटा' मॉड्यूलमधील 'नॉर्मलाइझ' फंक्शनने दोन्ही नावे एकाच रूपात आणावी लागतात. तरीही एक प्रकार उरतो. काही कळफलकांवर 'ऱ्या' हे 'र', हलन्त व शून्यरुंदीचा जोडक या क्रमाने उमटते. हे तिसरे रूप युनिकोडच्या दृष्टीने आधीच्या दोघांशी समतुल्य नसल्याने 'नॉर्मलाइझ' त्यांना एक करत नाही. त्यासाठी प्रोग्राममध्ये वेगळा नियम लिहावा लागतो.

सुरक्षितता

वापरकर्त्याने दिलेले नाव ठरावीक फोल्डराला जोडून फाइल उघडणारे प्रोग्राम पाथच्या नियमांकडे दुर्लक्ष केल्यास असुरक्षित ठरतात. नावात '..' घालून फोल्डराबाहेर जाता येते, आणि निरपेक्ष पाथ दिल्यास मूळ फोल्डरच गळून पडते. केवळ '../' ही अक्षरे शोधून काढणे पुरेसे नसते, कारण विंडोजवर '..\' हे रूपही तेच काम करते.

यासाठी जोडलेला पाथ आधी 'रिझॉल्व्ह' करून, तो ठरावीक फोल्डराच्या आतच आहे का, हे 'इज_रिलेटिव्ह_टू' या पद्धतीने तपासले जाते. ही पद्धत २०२० सालच्या पायथॉन ३.९ मध्ये आली. ती केवळ शाब्दिक तुलना करत असल्याने तिच्याआधी 'रिझॉल्व्ह' करणे आवश्यक असते, आणि मूळ फोल्डरही त्याच रीतीने निश्चित केलेले असावे लागते.

टार संग्रह उघडताना आतील नावांमुळे फोल्डराबाहेर फाइली लिहिल्या जाण्याचा पायथॉनमधील धोका सीव्हीई-२००७-४५५९ या क्रमांकाने नोंदलेला आहे. पीईपी ७०६ नुसार पायथॉन ३.१२ मध्ये अशा नावांना अटकाव करणारे गाळणे उपलब्ध झाले, आणि पायथॉन ३.१४ पासून ते न सांगताही लागू होते.

मर्यादा

पाथलिब पाथचे रूप काही प्रमाणात साधे करते. सुरुवातीचे './' आणि शेवटचा स्लॅश ती काढून टाकते. बहुतेक वेळा याने फरक पडत नाही. पण चालू फोल्डरातील प्रोग्राम चालवण्यासाठी './' आवश्यक असते आणि काही आज्ञा शेवटच्या स्लॅशला वेगळा अर्थ देतात, तेथे 'ओएस.पाथ' किंवा साधी स्ट्रिंग वापरली जाते.

पाथलिब वापरल्याने नाव सर्व प्रणालींवर चालेल, याचीही हमी मिळत नाही. लिनक्सवर कोलन असलेले नाव ती विनातक्रार स्वीकारते. निषिद्ध चिन्हे, राखीव नावे, बाइटमधील लांबी आणि केवळ मोठ्या-लहान अक्षरांनी वेगळी ठरणारी नावे यांची तपासणी प्रोग्रामलाच करावी लागते. वेब पत्त्यांसाठीही पाथलिब योग्य नाही. त्यांचा विभाजक सर्वत्र स्लॅशच असतो, आणि विंडोजवर पाथलिब त्याचा बॅकस्लॅश करते.

इतर भाषांमध्ये

पाथला स्ट्रिंगहून वेगळे मानण्याची कल्पना पायथॉनपुरती मर्यादित नाही. कॉमन लिस्प या भाषेत १९८० च्या दशकातच पाथसाठी यजमान, उपकरण, फोल्डर, नाव, प्रकार व आवृत्ती असे घटक असलेली स्वतंत्र वस्तू होती. जावामध्ये २०११ सालच्या सातव्या आवृत्तीत 'पाथ' हा प्रकार आला. सी++ मध्ये २०१७ च्या प्रमाणात 'फाइलसिस्टम' ग्रंथालय समाविष्ट झाले आणि तेथेही जोडणीसाठी भागाकाराचेच चिन्ह आहे. रस्ट भाषेत पाथ ज्या स्ट्रिंगवर उभा असतो, ती सामान्य स्ट्रिंगहून वेगळ्या प्रकारची असते, कारण संचालन प्रणालीने दिलेले नाव वैध युनिकोड असेलच असे ती भाषा गृहीत धरत नाही. गो भाषेत स्लॅशने विभागलेल्या सर्वसाधारण पाथसाठी एक आणि प्रत्यक्ष संचालन प्रणालीवरील फाइलींसाठी दुसरे, अशी दोन स्वतंत्र पॅकेजे आहेत.